परतीची फेरी

गुरुवारी सकाळी तिच्या टेबलावर त्याचे दात येऊन पडले. म्हणजे दातांचा साचा. वरच्या जबड्याचा, पांढऱ्या प्लास्टरचा, बुडाशी अजून ओलसर, दवाखान्याची चिठ्ठी रबरबँडने बांधलेली. अशी दहा-बारा तोंडं तिच्यापुढे रोज येतात. कोणाचं कुठलं हे बघायची तिला हौस नाही. चिठ्ठीवर नावाऐवजी नंबर असतो ते एका परीने बरंच. तिने साचा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, कडा कुठे घासायच्या ते बघायला उलटा केला, आणि तिचं उजवं कोपर टेबलावरून आपणहून मागे सरकलं. कोपराला आधी कळलं. डोक्याला मागाहून कळलं, की समोरच्या दोन दातांपैकी डावीकडच्याचा टवका उडालेला आहे आणि त्याच्या शेजारचा दात जरा वळून, रांगेतल्या रुसलेल्या पोरासारखा तोंड फिरवून उभा आहे. हे दात तिने एकदाच नीट पाहिले होते. खालून, पाठीवर पडल्या पडल्या, तीन सेकंद. तीन सेकंद म्हणजे किती, हे ज्याचा हात कधी कोणाच्या मांड्यांत अडकला नाही त्याला सांगून कळायचं नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: माउथगार्ड, जाड, पारदर्शक, कुस्तीसाठी, सोमवारपर्यंत हवा. म्हणजे परत आला मेला.

"काय गं, कोणाचं तोंड आहे एवढं?" पलीकडच्या टेबलावरून काकांनी विचारलं. काका म्हणजे या दातांच्या लॅबचे मालक. नात्याने तिचे कोणी नव्हेत, पण मेणात दात कोरायला त्यांनीच तिला शिकवलं, सोळा वर्षं शेजारी बसवून.

"कुस्तीवाल्याचं," ती म्हणाली.

"मग लवकर कर. दात आहेत तोवर घालून घेईल बिचारा." स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसून काकांनी पुन्हा भिंगाखाली डोकं घातलं. त्यांच्या हातात मेणाची दाढ होती, अर्धी कोरलेली. दोन वर्षांपूर्वी ती दाढ तिच्या टेबलावर असती. दाढेच्या माथ्यावरचे चार उंचवटे, त्यांच्यामधल्या केसाएवढ्या खाचा, हे सगळं तिच्या हातात होतं, काका बाहेरच्या माणसांना कौतुकाने दाखवायचे. कोरायचं काम तीन बोटं करतात, पण ती चालतात करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या जिवावर. ती दोन बोटं टेकू असतात, त्यांना कळतं हात कुठवर गेला. तिची ती दोन बोटं त्या दिवसापासून झोपलेली आहेत. कोपरातून जाणारी शीर दुखावली की असं होतं, डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. हळूहळू म्हणजे केव्हा ते कोणी सांगितलं नाही. तिने चार महिन्यांनी पहिली दाढ कोरली ती वेडीवाकडी झाली, दुसरी फुटली, आणि एका सकाळी ती आली तर मेण वितळवायचा दिवा तिच्या टेबलावरून काकांच्या टेबलावर गेलेला होता आणि तिच्यापुढे माउथगार्डचे, रात्री दात खाणाऱ्यांच्या पट्ट्यांचे, ठोकळ कामांचे साचे मांडून ठेवलेले होते. काका एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर ती भांडली असती. त्याऐवजी तिने तो सगळा राग तसाच्या तसा उचलला आणि ज्याचा होता त्याच्या नावावर ठेवून दिला.

त्याला हॉलमध्ये ब्रेकवाला म्हणायचे. हॉल म्हणजे गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या दुकानाच्या वरची लांबट खोली, खाली निळ्या गाद्या, आणि काचांना लावायच्या डिंकाचा वास जिन्यावरून वर येऊन बसलेला. तिथे मंगळवारी आणि शनिवारी सकाळी जिउ-जित्सूचा, म्हणजे गादीवर लोळून खेळायच्या परदेशी कुस्तीचा वर्ग. शिकवणारे सर पन्नाशीचे, काटकुळे, कान मोडलेले. ते कोणालाही नावाने हाक मारत नाहीत. ही दातवाली, तो बेकरीवाला, ती नर्सबाई, आणि तो ब्रेकवाला, कारण तो गाडी शिकवतो. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक असतो, त्याच्यावर पाय ठेवून हा दिवसभर बसतो आणि शिकणारा घाबरला, चुकला, कोणाच्या अंगावर जायला लागला की दाबतो. हॉलमध्ये सगळे त्याच्याशी खेळायला उत्सुक असत. सावध माणूस, कधी कोणाला लागू देत नाही, असा त्याचा लौकिक. तीही त्या दिवशी निर्धास्त होती. चूक झाली ती एवढीच. हात सापडला, त्याने तो मांड्यांमध्ये घेतला, पाय तिच्या छातीवरून आणि तोंडावरून टाकले, मागे झुकला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, रोज कोणाचा तरी सापडतो. सापडला की दुसऱ्या हाताने समोरच्याला दोनदा थोपटायचं, त्याला टॅप म्हणतात, टॅप झाला की सोडायचं. या सगळ्या खेळाचं छप्पर त्या एका गोष्टीवर उभं आहे. तिने त्याच्या मांडीवर दोनदा थोपटलं. तो थांबला नाही. तिने पुन्हा थोपटलं, उघड्या तळव्याने, फटाफट. त्याच्या गुडघ्यांच्या फटीतून तिला त्याचं तोंड दिसत होतं. तो तिच्याकडेच बघत होता, ओठ जरासे विलगलेले, टवका उडालेला दात, वळलेला दात. मग कोपरातून ओल्या फडक्याला पीळ दिल्यासारखा बारीक आवाज आला, आणि तेव्हा त्याने सोडलं.

"सॉरी, सॉरी, कळलंच नाही हो मला," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी मान डोलावली. होतं असं. घामात कळत नाही. त्यानेच तिला दवाखान्यात नेलं, त्याच शिकवायच्या गाडीतून. तो चालवत होता आणि ती शेजारी बसली होती, त्याच्या रोजच्या जागी, हात पोटाशी धरून, आणि तिच्या पायाशी तो दुसरा ब्रेक होता. वापरून वापरून त्याच्या रबराची नक्षी पुसून गुळगुळीत झालेली. तिने त्या ब्रेककडे बघितलं आणि तिला जे कळायचं ते तिथेच, सिग्नलला गाडी उभी असताना, कळून चुकलं. ज्याच्या पायाला दिवसातून शंभरदा, विचार करायच्या आत, नेमक्या क्षणी थांबता येतं, त्याला मांडीवर पडलेल्या सहा थापा कळल्या नाहीत. सांगायचं कोणाला? सर म्हणाले असते, दातवाले, दुखतंय म्हणून तसं वाटतंय. आई तर म्हणालीच, "मुद्दाम कशाला करेल गं कोणी?" ती मूग गिळून बसली. तीन आठवड्यांत ड्रायव्हिंग स्कूलने त्याला दुसऱ्या गावच्या शाखेवर पाठवलं आणि तो निघून गेला, सगळ्यांशी हात मिळवून. तिच्या डाव्या हाताशी मिळवला, कारण उजवा झोळीत होता.

पण जाताना एक गोष्ट मागे राहिली, आणि ती तिने दोन वर्षं जपून ठेवली. सरांच्या हॉलची एक रीत आहे. कोणाच्या हातून कोणाला लागलं, तर लागलेला माणूस बरा होऊन आल्यावर त्या दोघांनी सहा मिनिटांची एक फेरी खेळायची. सुरुवात कुठून करायची ते लागलेल्याने सांगायचं. लागलेल्याला समोरच्याकडून एक टॅप मिळाला की फेरी संपली, नाही मिळाला तर पुढच्या मंगळवारी पुन्हा. हात मिळवायचा, आणि त्यानंतर त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही, घरीसुद्धा नाही. ती फेरी होईपर्यंत ज्याने लावलं त्याने दुसऱ्या कोणाशी खेळायचं नाही, भिंतीला टेकून बसायचं. याला परतीची फेरी म्हणतात. खरं तर तो एक उपचार असतो. नर्सबाईने बेकरीवाल्याची बरगडी दुखवली होती, तेव्हा तो परत आल्यावर नर्सबाईने अर्ध्या मिनिटात मान पुढे केली, त्याने नुसता हात घातला, बाईने थोपटलं, सगळे हसले, झालं. भीती जावी, मनात किल्मिष राहू नये, एवढाच सरांचा हेतू. ब्रेकवाल्याची फेरी मात्र राहून गेली. सर विसरले नव्हते, ती तर नाहीच नाही. तिच्या मनात ती फेरी रोज व्हायची. डबा भरताना, बसची वाट बघताना, आई तिची वेणी घालत असताना. छत्तीस वर्षांच्या बाईची वेणी आईने घालायची, कारण कोपर पुरतं दुमडत नाही, आणि आरशात दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळायचं. कंगवा केसांत अडकला की ती मनातल्या मनात त्याचा हात लांबवायची. इंच इंच. थोपट, म्हणायची, थोपट की आता, मलाही कळणार नाही.

पाच महिन्यांनी ती हॉलमध्ये परत गेली तेव्हा उजव्या हाताने साधी गादीही ढकलता येत नव्हती. सर म्हणाले, "हात नाही ना? पाय आहेत की. आडवी हो." आणि त्यांनी तिला गार्ड शिकवला. म्हणजे तो सगळ्यांनाच येतो, तिलाही यायचा, पण तोवर तिला ती हरायच्या आधीची पायरी वाटायची. पाठीवर पडलेलं माणूस, वर कोणीतरी, मध्ये आपले पाय, चला, आता किती वेळ टिकतो बघू. सरांनी दीड वर्ष तिला तिथून उठू दिलं नाही. पाठ कधी सपाट टेकायची नाही, एका कुशीवर राहायचं. पाऊल त्याच्या कमरेवर, नडगी त्याच्या छातीवर आडवी. तो पुढे आला तर नडगीवर येईल, मागे गेला तर पाऊल त्याच्या मागे जाईल. त्याने अंतर ठरवायचं नाही, आपण ठरवायचं. ज्या प्रकारात जाड अंगरखा घालतात तिथे कॉलर असते, बाही असते, मूठ आवळली की झालं. इथे अंगाला चिकटलेला टी-शर्ट आणि पाच मिनिटांत घाम. धरायला काही नाही. "कापड नाही म्हणून रडू नकोस," सर म्हणायचे. "कोपरामागे धर, मनगट धर, मानेमागे धर. सुटेल. सुटू दे. पण एक सुटायच्या आधी दुसरं धरलेलं असू दे. आणि नुसतं धरून बसू नकोस, त्याचा तोल काढत राहा. तो स्वतःला सावरण्यात गुंतला की त्याला तुझ्याकडे बघायला सवड नाही." तिचे पाय शिकले. घोटे शिकले, तळवे शिकले, गुडघ्यांच्या आतल्या बाजूला समोरच्याचा श्वास कळायला लागला. झोपलेल्या दोन बोटांचं काम दहा बोटांनी वाटून घेतलं, पायांच्या. बेकरीवाला शंभर किलोचा, तो तिच्या पायांमधून निघताना घामाघूम व्हायचा आणि म्हणायचा, "दातवाले, तू झोपून मारतेस गं माणसाला." ती हसायची. तिच्या पायांमध्ये बेकरीवाला नसायचाच. जो कोणी येईल तो ब्रेकवाला असायचा.

आणि आता त्याचे दात तिच्या तळहातावर होते. तिने साचा घासला, वाळवला, यंत्रावर ठेवला. वरच्या चौकटीत प्लास्टिकची चकती तापायला लागली, मऊ झाली, पोटासारखी खाली लोंबली. तिने दांडा ओढला, चकती साच्यावर बसली आणि यंत्राने हवा ओढून ती दातांना घट्ट चिकटवली, एकेका दाताला, वळलेल्यालासुद्धा. इथे तिच्या मनात यायचं ते आलं. चावायच्या जागी एका बाजूला केसभर उंची ठेवली, तर आठ दिवसांत जबडा ठणकायला लागतो आणि कोणाला कारण सापडत नाही. टाळूकडची कड चार मिलिमीटर मागे सोडली, तर दम लागल्यावर उमासे येतात. हे सगळं तिला येतं. काकांना भिंगाखालीसुद्धा दिसणार नाही अशा बेताने येतं. ती कात्री हातात घेऊन बराच वेळ बसली, आणि मग तिला स्वतःचीच कीव आली. एवढ्यासाठी दोन वर्षं आडवी पडले होते का मी? उद्या त्याने म्हणावं, माउथगार्ड बोचत होता, लक्ष लागत नव्हतं? छे. त्याला एकही सबब मिळता कामा नये. तिने टाळूकडची कड इतकी पातळ आणि नीट कापली की तो घालून माणसाला घडाघडा बोलता यावं. कडा ज्योतीवरून फिरवून गुळगुळीत केल्या, चावा दोन्ही बाजूंनी सारखा जुळवला, तीनदा तपासला. कोपर दुखेपर्यंत काम केलं. इतका सुरेख माउथगार्ड तिच्या हातून त्याआधी झाला नव्हता. काकांनी तो उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि तिच्याकडे बघितलं. "हात परत आला की काय तुझा?" त्यांनी विचारलं. "नाही, काका," ती म्हणाली.

घरी तिने आईला सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने हात थांबवला नाही. "मग?" आई म्हणाली. "मग काही नाही. फेरी राहिलीय आमची." आईने उशीचा अभ्रा झटकला. "सोडून दे गं आता. जेवताना तो, झोपताना तो. नवरा असता तर एवढा आठवला नसता." हे खरंच होतं, म्हणून तिला जास्त झोंबलं.

मंगळवारी तो आला. जरा सुटला होता, कानाजवळ पांढरं आलं होतं. जिन्यातच भेटला. "अहो, तुम्ही," तो म्हणाला. "बरा झाला ना हात?" जणू सर्दी झाली होती तिला. "झाला," ती म्हणाली. त्याने पिशवीतून डबी काढली, माउथगार्ड दाखवला. "हा बघा, नवा केला. इतका फिट बसलाय, आपल्याच तोंडाचा वाटतो. नाहीतर आधीचे घातले की बोबडं बोलायला व्हायचं." ती म्हणाली, "मीच केलाय." त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं आणि डोळे मात्र डबीकडे वळले, मग तिच्याकडे, मग पुन्हा डबीकडे. ती वर निघून गेली. त्याने तो घातला की नाही हे बघायला ती वळली नाही. सरांच्या वर्गात माउथगार्डशिवाय उभं राहू देत नाहीत, त्यामुळे घालणं त्याला भाग होतं.

"परतीची फेरी आहे," सर म्हणाले. बाकीचे भिंतीला सरकले. "दातवाले, कुठून?"

"खालून," ती म्हणाली आणि गादीवर बसली, मग कुशीवर कलली. सरांच्या कपाळाला आठी पडली. लागलेला माणूस वरची जागा घेतो, सोयीची, समोरच्याला अर्धं हरवूनच सुरुवात करतो. "खालून?" सरांनी पुन्हा विचारलं. "गार्डमधून," ती म्हणाली. तो तिच्या पायांसमोर गुडघ्यांवर बसला. तिने पावलं त्याच्या कमरेवर टेकली, नडगी आडवी घातली, डाव्या हाताने त्याची मान धरली. त्याचं अंग कोरडं होतं आणि त्याला नव्या साबणाचा वास होता. जिच्यात हा माणूस रोज मरत आला ती जागा हीच, एवढीशी, तिच्या गुडघ्यांमधली. आणि आता तो खरोखर तिथे होता तर तिला तो अनोळखी वाटला.

मानेवर तिचा हात नीट पडलाही नव्हता, तोच त्याने तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. हलक्या हाताने, सभ्यपणे, दार वाजवावं तसं. वर हसला. झालं, असं त्या हसण्यात होतं, उरकलं एकदाचं. भिंतीशी कोणीतरी टाळी वाजवायला हात उचललेही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा मी धरत नाही," ती म्हणाली. "मी काही केलंच नाही अजून."

सरांनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "टॅप मिळवायचा असतो. चालू."

मग तो खेळायला लागला. त्याला दुसरा मार्गच ठेवला नव्हता तिने. तिची नडगी खाली दाबून तो एका बाजूने निघायला बघायचा, ती कंबर सरकवून पुन्हा समोर यायची. त्याने पाय धरले, पाय घामाने सुटले. तिने मनगट धरलं, ते सुटलं, तोवर तिचा घोटा त्याच्या मांडीखाली गेलेला. एक सुटायच्या आधी दुसरं. मिनिटभरात त्याचा श्वास तिच्या गुडघ्यांना कळायला लागला, दोन मिनिटांत तोंडाने येऊ लागला. तो वजन टाकायचा, ती ते वजन आडवं काढायची आणि तो हात टेकून सावरायचा. पुन्हा टाकायचा, पुन्हा सावरायचा. ती हाताची वाट बघत होती. तो डावा टेकत होता, तिला उजवा हवा होता. ती त्याला डावीकडून उजवीकडे नेत राहिली, घाई न करता, दोन वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी एका मिनिटाचं काय. चौथ्या मिनिटाला तिने त्याच्या मांडीखालचा पाय उचलला, तो उजवीकडे कलंडला, आणि त्याने उजवा हात टेकला. तिने दोन्ही हातांनी, झोपलेल्या बोटांसकट, तो हात छातीशी ओढून घेतला, कंबर वळवली, पाय त्याच्या मानेवरून फिरवून तोंडावर आणला आणि त्याला बाजूला लोळवलं. कोपर तिच्या पोटाखालच्या हाडावर येऊन बसलं. अंगठा वर. सगळं जागच्या जागी. इथून पुढे नुसती कंबर उचलायची असते.

तिने थोडी उचलली. हात सरळ झाला. तो टॅप करील म्हणून ती थांबली आणि त्याने टॅप केला नाही. दुसरा हात त्याच्या पोटावर होता, मोकळा, पण तो तसाच पडून होता. तिने पायांमधून त्याच्याकडे बघितलं. पारदर्शक प्लास्टिकमधून टवका उडालेला दात, वळलेला दात. तो तिच्याकडे बघत होता.

"कळलं होतं का?" तिने विचारलं. हळू. भिंतीपर्यंत ऐकू जाऊ नये इतपत.

तिने कंबर आणखी केसभर उचलली.

"हो," तो म्हणाला. स्पष्ट, खणखणीत. बोलता येईल असाच केला होता तिने तो.

"केव्हा?"

"पहिल्यालाच. रोज दाबतो ना. सारखा दाबतो. एकदा म्हटलं, नाही दाबला तर काय होतं. बघू म्हटलं एक क्षण." मग डोळे मिटून म्हणाला, "घ्या तुम्ही. घ्या हात. मोकळं करा."

तिच्या डोक्यात काही उसळेल, ओरडेल, असं तिला दोन वर्षं वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. अंगातलं सगळं फार स्वच्छ आणि शांत झालं. त्याच्या कोपराच्या आतली ताणलेली दोरी तिला पोटाच्या कातडीवर कळत होती, मेणातली खाच जशी पूर्वी कळायची तशी. इथवर आहे, इथून पुढे नाही. बोटांना न कळणारं पोटाला कळत होतं. आणि तिला वाटलं, बघू. नुसतं बघू, काय होतं. ती वाटण्यातली गोडी इतकी साधी होती, गुळगुळीत रबरावरून पाय उचलावा इतकी, की तिच्या मानेवर काटा आला. तो जो एक क्षण त्याने घेतला होता तो आता तिच्या आत होता आणि तिला त्यात त्याच्याइतकंच बरं वाटत होतं. तेवढ्यात तिला त्याचा पाय दिसला. त्याचे डोळे मिटलेले, चेहरा हुतात्म्याचा, घ्या म्हणतोय, मोकळं करा म्हणतोय. आणि खाली त्याचं उजवं पाऊल गादी दाबत होतं. टाच टेकवून, चवडा रोवून, दाबत होतं, दाबत होतं, जिथे ब्रेक नव्हता तिथे.

म्हणजे भीती वाटतेय तर. बरं झालं. आणि मोकळं व्हायचंय साहेबांना. एक हात द्यायचा, तीन महिने झोळीत ठेवायचा, वर हात मिळवायचा, आणि मग हा विषय कोणी काढायचा नाही, हिनेसुद्धा नाही, आईपुढेसुद्धा नाही. म्हणजे कबुली दिली तीही अशा जागी, जिच्यानंतर ती उच्चारायची बंदी. हिशेबी आहे माणूस, पाय पक्का आहे त्याचा. तिने कंबर खाली घेतली. हात सोडला. तो डोळे उघडून, न समजून, उठून बसायला लागला तोच तिने पाय त्याच्या कमरेभोवती टाकले आणि पाठीमागे घोट्यात घोटा अडकवून घट्ट मिटले. गार्ड बंद. आता तो मरत नव्हता, सुटतही नव्हता. उरलेलं दीड मिनिट ती त्याला तसाच धरून पडून राहिली, आणि दर वेळी त्याने उठायला गुडघा उचलला की ती त्याचा तोल काढत राहिली. त्याच्या हनुवटीवरून घाम तिच्या गळ्यावर पडत होता. "काय करताय?" तो म्हणाला. "थोपटू का?" ती म्हणाली, "कशासाठी? मी काय केलंय तुम्हाला?"

घंटा झाली.

"संपली नाही," ती उठता उठता सरांना म्हणाली. "टॅप मिळाला नाही मला. पुढच्या मंगळवारी."

सरांनी सगळं पाहिलं होतं. हात कसा सरळ झाला तेही आणि कसा सुटला तेही. "दातवाले," ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "होता की तो तुझ्या हातात. संपवून टाकायचं ना."

"नियम तुमचाच आहे, सर."

"नियम माझाच आहे." सरांनी मोडका कान चोळला. "पण त्याला तसं धरून ठेवायचं तर तुलाही आडवंच राहावं लागतं, हे लक्षात आहे ना?"

"मला सवय झालीय," ती म्हणाली. तो भिंतीला टेकून बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन, माउथगार्ड काढून डबीत ठेवायलाही विसरला होता. नियमाप्रमाणे उरलेला तास त्याने तसंच बसायचं होतं. बेकरीवाला त्याच्याशी काही बोलायला गेला आणि परत आला.

तो पुढच्या मंगळवारी आला. त्याच्या पुढच्याही. गावात दुसरा हॉल नाही असंही नाही. का येतो हे तिने विचारलं नाही, कारण तिला ते माहीत होतं. आल्यावर जिन्यात थांबतो, वाट देतो आणि विचारतो, "आज?" ती म्हणते, "बघू." आणि खालून, गार्डमधून, सहा मिनिटं. कधी हात सापडतो, कधी मान, एकदा पाय. प्रत्येक वेळी ती तिथवर जाते जिथे त्याचं पाऊल गादी दाबायला लागतं, आणि तिथे थांबते, आणि सोडते. दुसऱ्या आठवड्यात त्याने जोरजोरात थोपटलं, सगळ्यांना दिसेल असं. पण तोवर तिने सोडलेलं होतं, आणि सोडल्यावरचा टॅप सर धरत नाहीत. आई म्हणते, हल्ली तू मंगळवारी सकाळी गुणगुणतेस. केस ती आता स्वतः विंचरते. बोटं झोपलेलीच आहेत.

महिनाअखेरीला लॅबमध्ये फळ्या रिकाम्या करतात. काम गेलं की साचे ठेवायचे नाहीत, जागा अडते. काका टोपली घेऊन एकेक साचा तिच्यात टाकत जातात आणि प्लास्टर फुटल्याचा आवाज दुपारभर येत राहतो. तिच्या टेबलावरच्या फळीपाशी ते थांबले. वरचा जबडा, टवका उडालेला, एक दात वळलेला. स्वच्छ पुसलेला, तोंड तिच्याकडे करून ठेवलेला.

"हा कुस्तीवाला ना?" काकांनी तो उचलला. "याचं तर केव्हाच देऊन झालं."

तिने हात पुढे करून साचा त्यांच्याकडून घेतला आणि होता तिथे परत ठेवला.

"राहू दे, काका," ती म्हणाली. "त्याचं काम अजून चालू आहे."